तुळशीरामचा छाप

"एकसष्ट," भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी मशीनचा पडदा गिऱ्हाइकांकडे फिरवला. "शंभरात एकसष्ट चांदी. बाकी तांबं."

समोरच्या बाकावरची चारही माणसे त्या आकड्याकडे बघत राहिली. सुरेश, पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीतला बाबू. त्याची बहीण स्मिता, कालच नागपूरहून आलेली. धाकटा रोहित, सौसरजवळची घरची संत्र्याची बाग बघणारा. आणि टोकाला, अर्धी बाकावर अर्धी बाहेर, रोहितची बायको धनश्री. महिन्यापूर्वी त्यांची आई अनुसयाबाई वारली होती. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि आज तिघा भावंडांनी आईची चांदी वाटून घ्यायची म्हणून ती पांढुर्ण्याच्या सराफ्यात भैय्याजींच्या पेढीवर आणली होती.

तोरड्या, करदोडा, वाळे, सगळे मशीनखाली ठीक निघाले. घोटाळा केला तो गोटांनी. मनगटात घालायचे ते दोन भरीव, जाडजूड गोट वरून दुधासारखे पांढरे होते. पण भैय्याजींनी एका जागी कानस मारली तेव्हा आतून तांबूस झाक दिसली आणि मशीनने तीच गोष्ट आकड्यात सांगितली.

सुरेशला ते पटेना. त्याचे म्हणणे, दुसरे काहीही कमी निघाले असते तर चालले असते, गोट निघायलाच नको होते. हे गोट आईला तिच्या बापाने, रामाकोन्याच्या शेतकऱ्याने, लग्नात घातले होते. त्यासाठी घरचे जुने चांदीचे कलदार रुपये वितळवले होते आणि घडवले होते ते सौसरच्या तुळशीराम सोनाराने. आई येणाऱ्याजाणाऱ्याला गोट दाखवून हे नाव सांगायची. तिच्या लेकरांना आजोबांचे नाव नंतर कळले, तुळशीराम सोनाराचे आधी.

"तुळशीरामच्या हातची चांदी कमी निघूच शकत नाही," सुरेश म्हणाला. "म्हंजे हे गोट ते नाहीतच. आईचे हात सुजले तवा काढून ठेवले होते. दोन वर्षं कपाटात होते. चाबी कोणाजवळ होती, ते सगळ्याहीले मालूम आहे."

नाव त्याने घेतले नाही. घ्यायची गरजही पडली नाही. स्मिताने मान वळवून धनश्रीकडे पाहिले आणि रोहितने आपल्या चपलांकडे.

डाव्या बाजूला गादीवर पेढीचा जुना पारखी गुणवंता बसला होता. त्याच्या हातात भिंग होते, ते त्याने उगाच धोतराच्या सोग्याने पुसले.

एकेचाळीस वर्षे गुणवंता याच गादीवर बसत होता. गावोगावची बायामाणसे जुनी चांदी मोडायला आणत, ती वितळवायला मुशीत जाण्याआधी त्याच्या हातून जाई. वस्तू उलटी करायची, आतल्या अंगाला, फाशाजवळ, कडीच्या पाठीमागे कुठेतरी घडवणाऱ्याने आपला छाप मारलेला असतो, तो शोधायचा आणि वाचायचा, हे त्याचे काम. कामठीचा एक कारागीर चंद्रकोर मारायचा. बैतूलकडचा एक जण मासा. अमरावतीचे एक घराणे बापाच्या आणि मुलाच्या नावाची अक्षरे जोडून मारायचे आणि बाप मेल्यावर बापाचे अक्षर गाळायचे. त्यावरून वस्तू कोणत्या काळची ते कळायचे. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या गार्डाने त्याला इंग्रजी चांदीही वाचायला शिकवली होती. चालणारा सिंह असेल तर चांदी खरी, जहाजाचा नांगर म्हणजे ती तपासली गेली ते शहर, आणि शेजारचे एकुलते अक्षर म्हणजे साल. एकदा एक मोठे घर आपला चांदीचा चहाचा सेट घेऊन आले. गुणवंताने किटली उलटी केली तर खाली सिंह नव्हता. चार इंग्रजी अक्षरे होती आणि त्यांचा अर्थ नुसता मुलामा असा होता. तो एवढेच म्हणाला, की तुमच्या आजोबांना कोणीतरी फार मानाने दिलेला दिसतो, मोडू नका, जपून ठेवा. ते घर खुशीत परत गेले.

आणि या सगळ्या छापांत एक छाप असा होता की तो दिसला की गुणवंता त्यावरून अंगठा फिरवायचा आणि मगच वस्तू पुढे सरकवायचा. वाटोळ्या रेघेत 'तु' हे अक्षर आणि त्याला लागून तुळशीचे एक पान. तुळशीराम सोनार म्हणजे गुणवंताचा बाप. त्याला जाऊन तेहतीस वर्षे झाली होती, पण अजून सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात जुनी माणसे म्हणत, की तुळशीरामचा छाप असला तर कसोटीवर घासायची गरज नाही. भैय्याजींच्या वडिलांनी गुणवंताला पेढीवर घेतले तेसुद्धा या छापाच्या जोरावरच. मशीन तर परवा परवा आले. तोवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत होते तो तुळशीरामच्या पोरावर.

भैय्याजींनी एक गोट उचलून दिव्याखाली धरला. डोळे बारीक केले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"हे पाहा, गुणवंताभाऊ. पानाचं टोक नाही. तुमच्या बाबाच्या छापात पान पूर्ण असते. हजार वेळा पाह्यलं मी." त्यांनी गोट त्याच्या पुढ्यात ठेवला. "कोणी तरी नकली छाप मारून देला. एक वेळ तुमी पाहून घ्या, म्हंजे झालं."

सुरेश लगेच उठून उभा राहिला. सोनाराने छाप खोटा म्हटला की आपण इथूनच ठाण्यात जाणार, असे त्याने सांगितले. स्मिताने हळूच आठवण करून दिली की हिमानीच्या सोयरिकीची माणसे येत्या आठवड्यात यायची आहेत. हिमानी म्हणजे धनश्रीची मुलगी. सुरेश म्हणाला, त्या माणसांनाही कळू दे, की पोरीची आई कशी आहे.

धनश्री रडली नाही. अकरा वर्षे तिने सासूचे, तिच्या आत्याबाईंचे, केले होते. शेवटची दोन तर अंथरुणातच. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि पहिल्यांदाच तोंड उघडले, तेही गुणवंताकडे बघून.

"काका, तुमी पाहा. तुमी सांगान ते मी ऐकतो."

गुणवंताने गोट उचलले आणि उजेडाचे निमित्त करून तो पेढीच्या मागच्या अंगणात गेला.

भिंग लावायची खरे तर गरज नव्हती. भैय्याजींनी पानाला टोक नाही म्हटले तेव्हाच त्याने छाप ओळखला होता.

तो नऊ वर्षांचा होता. दिवाळी नुकतीच झाली होती. सौसरच्या घराच्या ओसरीत बापाची भट्टी होती, ऐरण होती आणि भिंतीतल्या कोनाड्यात पोलादाचा तो बोटाएवढा ठसा असायचा, ज्याने छाप मारायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही असा घरचा दंडक. गुणवंताने लावला. ओल्या मातीच्या गोळ्यावर 'तु' उमटवत बसला आणि बापाची चाहूल लागली तेव्हा घाईत ठसा हातातून सुटून ओट्याच्या दगडावर आदळला. पानाचे टोक उडाले. अर्ध्या तांदळाएवढे.

बाप मारेल म्हणून तो कोपऱ्यात उभा राहिला. बापाने ठसा उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आता असाच उमटंन. लगन-सराई झाली की नवा करू." मग गुणवंताचा घामेजलेला चेहरा बघून हसला. "लोकं पान पाहून थोडीच घेतेत. चांदी पाहतेत."

नवा ठसा झालाच नाही. त्याच उन्हाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. बाप तिला नागपूरला घेऊन गेला, मोठ्या दवाखान्यात तिचे पोट फाडले आणि दीड महिन्याने ती जिवंत परत आली. आणि त्यानंतर, पोळ्याच्या आधी, बापाने भट्टी मोडली. हत्यारे कामठीच्या एका माणसाला देऊन टाकली आणि जिनिंगमध्ये कापूस तोलायला काट्यावर लागला. वय अवघे बेचाळीस. लोकांना सांगितले की डोळ्यांना बारीक दिसत नाही. घरात सगळ्यांनी ते मानले. गुणवंतानेही मानले, जरी तो डबा घेऊन जिनिंगमध्ये जाई तेव्हा बाप दहा हात लांबून काट्याची सुई वाचताना त्याला दिसे.

म्हणजे टोक तुटलेल्या पानाचा छाप फक्त दिवाळी ते पोळा एवढ्याच महिन्यांचा. अनुसयाबाईचे लग्न त्याच वैशाखातले. आणि ठसा तुटल्याचे ठाऊक असलेले माणूस आता जगात एक तो आणि एक त्याची मोठी बहीण वच्छला. नकली छाप मारणारा पूर्ण पानाची नक्कल करील. तुटलेल्या पानाची कशाला करील?

अंगणात रांजणाला टेकून गुणवंता बराच वेळ उभा राहिला. गोट हातात जड लागत होते. नुसते आत जायचे आणि भैय्याजी बरोबर बोलले म्हणायचे. तेवढेही नको, मान हलवली तरी पुरे होते. बापाचे नाव होते तसे राहिले असते. आपण कोणाविरुद्ध साक्ष देतो आहोत, असेही कोणाला वाटले नसते. भैय्याजींनी तर ताट वाढूनच ठेवले होते.

पेढीवर कामाला लागायच्या आदल्या दिवशी बापाने त्याला एक गोष्ट सांगितली होती, ती त्याला तिथे आठवली. जेवताना, मान वर न करता बाप म्हणाला होता, की छाप पाहत जा, पण छापावर जाऊ नको. एकेचाळीस वर्षे गुणवंताला वाटत होते की ते बापाने दुसऱ्या सोनारांबद्दल सांगितले.

तो आत आला. गादीवर बसला नाही. गोट काउंटरवर ठेवून उभ्यानेच बोलला.

"छाप असली आहे. माह्या बाबाचाच आहे."

भैय्याजींनी चष्मा काढला. "गुणवंताभाऊ, घाई नका करू. पुन्हा एक वेळ पाहा."

"पाह्यलं जी. पानाचं टोक माह्याच हातानं तुटलं. नऊ वर्षांचा होतो मी. हे गोट त्याच वर्षीचे आहेत."

"मंग चांदी कमी कशी?" सुरेशने विचारले.

गुणवंताने एक गोट सुरेशपुढे सरकवला.

"बाबानं कमी टाकली. कलदार तुमच्या आजोबानं पूरे देले असतीन. बाबानं त्यातले ठेवून घेतले अन् तांबं टाकलं. मंग आंबट पाण्यात उकळून वरून पांढरे केले. उकळले की तांबं वरच्या वर निघून जाते, दिसत नाही." तो धनश्रीकडे वळला. "या बाईनं काही केलं नाही. लगनात आले तेच गोट आहेत हे."

दारात उभे असलेले दुसरे गिऱ्हाईक, सावरगावची एक बाई, हळूच मागे सरली. सुरेश बसला, मग उठला. बाकीची चांदी फडक्यात गुंडाळायला लागला आणि म्हणाला, की मग गोट मोडूनच टाका, जे निघेल ते निघेल.

"मोडू नका," धनश्री म्हणाली. "आमच्या वाट्याले गोटच द्या. बाकीचं तुमी दोघं घ्या."

रोहितने मान वर केली. त्याने हात पुढे करून गोट उचलले आणि बायकोच्या हातात दिले. मग चौघे पायऱ्या उतरले. दोन पायऱ्या उतरून धनश्री एकटी परत आली.

"काका," ती म्हणाली, "आत्याबाईनं हे पन्नास वर्षं घातले. दर दिवाळीले रिठ्यानं धुवाले लावायच्या मले. त्याहीच्यासाठी तं चांदीच होती ही." मग म्हणाली, "तुमी मनाले लावून घेऊ नका."

ती गेल्यावर भैय्याजींनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, की खरे ते खरे, पण चारचौघांत नव्हते सांगायला पाहिजे. आपल्याला एकट्याला आत बोलावून सांगता आले असते. गुणवंताने ते कबूल केले. पण त्याला माहीत होते, की एकट्याला सांगायला तो आत गेला असता तर त्याने सांगितलेच नसते.

गोष्ट त्याच्याआधी घरी पोहोचली. बायकोने त्याच्या पोळीवर तूप जरा जास्त ओढले. पुढचे आठ-दहा दिवस मात्र लोक पेटीतून, कपाटातून आपापली तुळशीरामची चांदी काढून पेढीवर यायला लागले. कोणी त्याच्यासमोर काही वाईट बोलले नाही. मशीनवर वस्तू ठेवत, आकडा बघत आणि त्याच्या नजरेला नजर न देता निघून जात. सगळ्या वस्तू चोख निघाल्या. पंचाण्णव, शहाण्णव. आणि प्रत्येकीवर पान पूर्ण होते. गुणवंता गादीवर बसून प्रत्येक वेळी आकडा उच्चारला जाईपर्यंत हातातले काम थांबवी. टोक तुटलेले पान पुन्हा आले नाही. पण गिऱ्हाईक पूर्वी वस्तू आधी त्याच्या हातात द्यायचे, ते आता थेट भैय्याजींपुढे ठेवत, आणि हा फरक त्याला रोज संध्याकाळी घरी जाताना जाणवे.

दुसऱ्या रविवारी तो सौसरच्या बसमध्ये बसला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबिया बहराची तोड चालू होती, बांधावर संत्र्यांचे ढीग पडले होते. एरवी खिडकीतून बघत बसणारा गुणवंता त्या दिवशी वच्छलाला काय सांगायचे तेच जुळवत होता.

सांगायचे काही उरलेच नव्हते. अडुसष्ट वर्षांची वच्छला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि तिने त्याला बस म्हणायच्या आधीच विचारले,

"तुले कोणं इचारलं होतं बोलाले? बावन्न वर्षं मी तोंड दाबून बसली. अन् तू भरबाजारात सांगून आला."

गुणवंता तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणजे तिला सगळे ठाऊक होते. त्याने धनश्रीची हकीकत सांगितली. सुरेश ठाण्यात जायला निघाला होता ते, हिमानीच्या सोयरिकीचे, आणि त्या बाईने 'तुमी सांगान ते मी ऐकतो' म्हटले ते. वच्छला ऐकत होती, पण तिची बोटे थांबली नाहीत. सुपातले दाणे वाढत गेले. मग ती बोलायला लागली.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती. आई आत कण्हत पडलेली, आणि भट्टीचा भाता मारायला घरात दुसरे कोणी नव्हते. रामाकोन्याच्या शेतकऱ्याने कलदारांची पिशवी आणून दिली होती. बापाने त्यातले दोन वाटे मुशीत टाकले आणि तिसरा वाटा बाजूला ठेवला.

"तांबं टाकताना त्याहीनं माह्याकडं पाह्यलं," वच्छला म्हणाली. "म्हणे, वच्छला, तू काही पाह्यलं नाही. मी म्हटलं, नाही पाह्यलं बाबा. तिसऱ्या दिवशी मायले नागपूरले नेलं."

आई त्यानंतर एकतीस वर्षे जगली. गुणवंताच्या लग्नात ती नाचली होती. त्याच्या दोन्ही लेकरांना तिने पायावर घेऊन न्हाऊ घातले होते. शेवटपर्यंत ती म्हणायची, की मला तुमच्या बापाच्या पुण्याईने वाचवले. ती असे म्हणाली की बाप उठून बाहेर जायचा. सगळ्यांना वाटायचे, स्तुती ऐकवत नाही म्हणून.

"त्याहीले सांगाचं होतं रे," वच्छला म्हणाली. "भट्टी मोडल्यावर दोनदा रामाकोन्याले गेले. एक वेळ तं मलेच संगं नेलं. दरवाज्यात उभे राहले. घरधनी बाहीर आला, म्हणे, या सोनारबुवा, कसे काय आले. बाबा म्हणे, काही नाही, इकडून जाऊन राहिलो होतो. पाणी पेले अन् परत आलो. कन्हान नदी लागली तवा पाण्याकाठी बसून राहले, दिवस बुडेपर्यंत."

अंगणात ऊन सरकले. गुणवंताने सुपातले चार दाणे उचलले आणि पुन्हा टाकले. त्याला बापाचा राग आला होता की काय, हे तो गेले बारा दिवस स्वतःलाच विचारत होता. आता त्याला फक्त तो माणूस दिसत होता, बेचाळीस वर्षांचा, म्हणजे आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, परक्याच्या दारात पाण्याचा गडवा हातात धरून उभा असलेला.

वच्छलाने सूप बाजूला सरकवले. हात झटकून उठली, आत जाऊन लुगडे बदलून आली.

"रामाकोन्याची बस किती वाजता आहे?" तिने विचारले.

अनुसयाबाईचे माहेर त्यांना विचारत विचारत सापडले. मातीचे घर जाऊन तिथे आता सिमेंटचे उभे होते, निळ्या लोखंडी फाटकाचे. ओट्यावर संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि अनुसयाबाईचा धाकटा भाऊ भगवंतराव एका पेटीत गवत अंथरत बसला होता. सत्तरीला टेकलेला, उघड्या डोक्याचा, शांत चेहऱ्याचा माणूस. फाटकाचा आवाज झाला तसे त्याने वळून पाहिले.

"कोण पायजे जी?"

गुणवंताने फाटकाची कडी सोडली नव्हती. त्याने बहिणीकडे पाहिले. ती समोर पाहत होती.

"आमी सौसरच्या तुळशीराम सोनाराची लेकरं," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलाचं होतं."

भगवंतराव क्षणभर आठवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. अरे, आमच्या अनुसयाचे गोट घडवणारे, म्हणत तो उठला, पेट्या बाजूला करून त्याने बाज टाकली आणि आत पाण्यासाठी हाक मारली. त्याला पेढीवरचे काहीच कळलेले नव्हते, हे उघड होते. सुनेने पाणी आणले. त्याने स्वतः गडवा घेऊन वच्छलापुढे धरला.

वच्छला ओटा चढून बाजेवर नीट बसली. गडवा तिने घेतला आणि न पिता खाली, पायाशी ठेवला.

"पाणी मंग," ती म्हणाली. "आधी आमचं ऐकून घ्या."